कोकणातल्या खडकावर ज्याच्या घोड्यांच्या टापा दाखवतात, तो एलिया नेमका होता कोण?

अलिबागजवळ सागाव-खंडाळ्याच्या बाजूला एक खडक आहे. (हे खंडाळं म्हणजे घाटातलं, आमिर खानच्या गाण्यातलं खंडाळा नव्हे.) या खडकावर काही खोलगट खुणा आहेत. कुणाला सांगितलं नाही तर पावसापाण्याने झालेले खड्डे म्हणून तो पुढे निघून जाईल. पण कोकणातल्या बेने इस्रायली ज्यूंना विचारलं तर ते वेगळंच सांगतात. त्यांच्या मते या खुणा एका रथाच्या आणि तो ओढणाऱ्या घोड्यांच्या आहेत. म्हणूनच या जागेला नाव पडलं, एलियाहू हनबीचा टापा.

हनबी म्हणजे हिब्रूत 'संदेष्टा'. आणि एलियाहू म्हणजे बायबलमधला एलिया. इंग्रजीत एलायजा, मुसलमानांसाठी इलियास.

आता हा माणूस होऊन गेला पार भूमध्य समुद्राच्या काठावर, इसवी सनापूर्वी नवव्या शतकात. म्हणजे जवळपास २,९०० वर्षांपूर्वी. मग त्याचा रथ अलिबागला कसा? तिथे येऊच. पण त्याआधी त्याची गोष्ट सांगायला हवी, कारण बायबलमध्ये इतका विचित्र, इतका तापट आणि शेवटी इतका खचलेला माणूस क्वचितच सापडतो.

एलियाला बायबलमध्ये प्रस्तावनाच नाही. आईवडील कोण, बालपण कसं, कामधंदा काय, काही नाही. गिलाद नावाच्या डोंगराळ भागातला, तिश्बे गावचा, बस एवढीच माहिती. अंगात केसाळ कातड्याचा झगा, कमरेला चामड्याचा पट्टा. एक दिवस तो थेट राजासमोर उभा राहतो आणि सांगतो की मी म्हणेपर्यंत इथे पाऊस पडणार नाही, दवसुद्धा पडणार नाही. आणि निघून जातो.

हा राजा म्हणजे अहाब. इस्राएलच्या उत्तरेकडच्या राज्याचा मालक, राजधानी शोमरोन. अहाब खरोखर होऊन गेला याचे पुरावे बायबलच्या बाहेरही आहेत. १८६१ साली तुर्कस्तानातल्या कुर्ख इथे एक अश्शूरी शिलालेख सापडला, तो आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. इ.स.पू. ८५३ मध्ये करकरच्या लढाईत अश्शूरच्या राजाविरुद्ध जी आघाडी उभी राहिली त्यात अहाबचे २,००० रथ आणि १०,००० पायदळ होतं, असं त्यावर कोरलंय. आकडे फुगवलेले असू शकतात, शत्रू जितका मोठा तितका आपला विजय मोठा, हे तेव्हाच्या राजांनाही कळत होतं. पण अहाब ऐरागैरा नव्हता एवढं नक्की. गंमत म्हणजे या लढाईचा बायबलमध्ये एका शब्दाने उल्लेख नाही. बायबल लिहिणाऱ्यांना अहाबच्या रथांमध्ये रस नव्हता. त्यांना रस होता त्याच्या बायकोत.

बायको म्हणजे ईजबेल. सीदोनच्या राजाची मुलगी, म्हणजे आजच्या लेबनॉनच्या किनाऱ्यावरची. ती माहेराहून आपला देव घेऊन आली, बआल. हा बआल वादळाचा, ढगांचा, पावसाचा देव. शेतकऱ्याच्या दृष्टीने सगळ्यात कामाचं खातं त्याच्याकडे. आता एलियाची धमकी पुन्हा वाचा. त्याने आजारपण, युद्ध असलं काही मागितलं नाही. बआलच्या खात्यावरच हात घातला.

आणि दुष्काळ पडला. या दुष्काळाची आठवण बायबलबाहेरही दिसते. पहिल्या शतकातला ज्यू इतिहासकार जोसेफस, मेनांदर नावाच्या जुन्या लेखकाचा हवाला देऊन सांगतो की ईजबेलच्या वडिलांच्या कारकिर्दीत वर्षभर पाऊस पडला नव्हता.

दुष्काळात एलियाही उपाशीच. तो करीथ नावाच्या ओढ्याकाठी लपला आणि सकाळ-संध्याकाळ कावळे त्याला भाकर आणि मांस आणून देऊ लागले. पितृपक्षात कावळ्याला घास ठेवणाऱ्या आपल्या लोकांना हे उलटं चित्र मजेशीर वाटेल. पण ज्यू वाचकाला यात आणखी एक खटकणारी गोष्ट दिसते. त्यांच्या धर्मशास्त्रात हा पक्षी अपवित्र. म्हणजे देवाच्या माणसाचं जेवण ज्याला शिवायचं नाही त्याच्या चोचीतून येत होतं.

ओढा आटला. मग तो सारफथ गावी गेला. हे गाव आजही लेबनॉनमध्ये सरफंद नावाने आहे. आणि नीट बघा, हा भाग सीदोनचा, म्हणजे ईजबेलचं माहेर! जिच्यामुळे पळावं लागलं तिच्याच बापाच्या राज्यात साहेब लपले. तेही कुणाच्या घरी, तर एका गरीब विधवेच्या.

ती वेशीपाशी काटक्या गोळा करत होती. घरात मूठभर पीठ आणि थोडं तेल उरलेलं. शेवटची भाकर करायची, आपण आणि पोराने खायची, आणि मग मरणाची वाट बघायची असा तिचा बेत होता. एलियाने काय करावं? त्या पिठातली पहिली भाकर स्वतःसाठी मागितली. निर्लज्जपणाच म्हणायचा. पण तिने दिली. आणि दुष्काळ संपेपर्यंत तिच्या मडक्यातलं पीठ आणि बुधलीतलं तेल संपलं नाही, असं बायबल सांगतं.

पुढे तिचा मुलगा आजारी पडून गेला. ती बाई एलियावर तुटून पडली. मला वाटतं या पूर्ण कथेत एलियाला गप्प करणारी ही पहिली व्यक्ती. तो मुलाला उचलून माडीवर घेऊन गेला, देवाशी भांडला, तीन वेळा त्या मुलाच्या अंगावर पालथा पडला आणि पोर जिवंत झालं. बायबलमध्ये मेलेलं माणूस परत उठल्याची ही पहिली गोष्ट. आणि ती घडते परक्या देशातल्या, परधर्मातल्या, नावही न सांगितलेल्या बाईच्या घरात.

तिसऱ्या वर्षी एलिया परतला. तोवर राज्याची अवस्था अशी की खुद्द राजा आणि त्याचा कारभारी ओबद्या घोड्या-खेचरांसाठी गवत शोधत रानोमाळ फिरत होते. हा ओबद्या मोठा रंजक माणूस. नोकरी अहाबच्या वाड्यात, पण ईजबेल संदेष्ट्यांना मारत सुटली तेव्हा त्याने शंभर जणांना पन्नास-पन्नासच्या दोन गटांत गुहांमध्ये लपवलं आणि गुपचूप अन्नपाणी पुरवलं. वाटेत भेटल्यावर त्याने हे एलियाला सांगितलंसुद्धा. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

मग झाला तो प्रसिद्ध सामना. ठिकाण कर्मेल डोंगर, आजच्या हैफा शहराला लागून असलेला. एका बाजूला बआलचे ४५० पुजारी, दुसऱ्या बाजूला एकटा एलिया. दोन बैल, दोन वेद्या, लाकडं रचायची पण आग लावायची नाही. ज्याचा देव आग पाठवेल तो खरा.

सकाळपासून दुपारपर्यंत बआलचे पुजारी नाचले, ओरडले. काही नाही. दुपारी एलियाने टोमणे मारायला सुरुवात केली. तुमचा देव विचारात गढला असेल, प्रवासाला गेला असेल, झोपला असेल, असं तो म्हणत होता. यात एक हिब्रू शब्द असा आहे की बऱ्याच अभ्यासकांच्या मते त्याचा अर्थ देव परसाकडे गेला असेल असा होतो. जुन्या भाषांतरकारांनी तिथे सभ्यपणे काहीतरी वेगळं लिहून वेळ मारून नेली.

संध्याकाळी एलियाची पाळी. त्याने बारा धोंड्यांची वेदी रचली, भोवती चर खणला आणि चार घागरी पाणी तीनदा, म्हणजे बारा घागरी पाणी लाकडांवर ओतायला लावलं. तेही दुष्काळात. मग साधी, छोटी प्रार्थना केली. आकाशातून आग पडली आणि बैल, लाकडं, धोंडे, चरातलं पाणी सगळं भस्म झालं.

धर्मशाळांमधल्या चित्रांच्या पुस्तकात गोष्ट इथे थांबते. बायबलमध्ये थांबत नाही. एलियाने त्या सगळ्या पुजाऱ्यांना धरायला लावलं, खाली कीशोन ओढ्यापाशी नेलं आणि मारून टाकलं. साडेचारशे माणसं. ईजबेलने संदेष्टे मारले म्हणून ती खलनायिका ठरली, मग हे काय होतं? याचं समर्थन करणारे शेकडो वर्षं करत आलेत. मला ते पटत नाही. आणि गोष्टीचा पुढचा भाग वाचला की वाटतं, हे एलियालाही फारसं पचलं नसावं.

त्या संध्याकाळी पाऊस आला. एलियाचा नोकर सात वेळा समुद्राकडे बघून आला, सातव्या वेळी त्याला तळहाताएवढा ढग दिसला. मग आभाळ भरून आलं. अहाब रथात बसून इज्रेलकडे निघाला आणि एलिया झगा खोचून भर पावसात रथाच्या पुढे धावत सुटला. अंतर साधारण पंचवीस-तीस किलोमीटर. आपण जिंकलो, आता राजा बदलणार, देश बदलणार, असं त्याला वाटत असणार.

ईजबेलने एक निरोप पाठवला. उद्या याच वेळेपर्यंत तुझीही त्या पुजाऱ्यांसारखी गत करते. एवढाच निरोप.

आणि ४५० जणांसमोर एकटा उभा राहिलेला माणूस पळाला. इज्रेलपासून दक्षिणेला बैरशेबापर्यंत, दीडशे किलोमीटरच्या आसपास. तिथे नोकराला सोडलं, एकटाच वाळवंटात एक दिवस चालला, एका झुडपाखाली बसला आणि देवाला म्हणाला की आता बास, माझा जीव घे. आणि झोपला.

माझ्यासाठी एलियाची खरी गोष्ट इथे सुरू होते. कारण पुढे जे होतं ते कुठल्याही आगीपेक्षा वेगळं आहे. देव त्याला झापत नाही. श्रद्धेवर भाषण देत नाही. एक देवदूत येतो, त्याला हलवून उठवतो आणि खायला देतो. निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचा तांब्या. तो खातो, पितो, पुन्हा झोपतो. देवदूत दुसऱ्यांदा उठवतो, पुन्हा खायला देतो, आणि सांगतो की प्रवास तुझ्या ताकदीपलीकडचा आहे. एवढंच. आज मानसिक आरोग्याबद्दल बोलणारे अनेक लोक हा प्रसंग सांगतात, आणि का ते कळतं. ज्याला जगायचं नाही त्याच्यापुढे सगळ्यात आधी ताट ठेवलं गेलं.

त्या अन्नावर तो चाळीस दिवस चालून होरेब डोंगरावर पोचला. मोशेला जिथे आज्ञा मिळाल्या तो डोंगर. गुहेत शिरला. आधी खडक फोडणारा वारा आला, मग भूकंप, मग आग. देव यातल्या कशातही नव्हता. नंतर अगदी बारीक, जवळजवळ न ऐकू येणारा आवाज आला, आणि तेव्हा एलियाने झग्याने तोंड झाकून घेतलं. आगीने सामना जिंकणाऱ्या माणसाला आगीत देव नाही हे दाखवलं गेलं.

एलियाची तक्रार तिथेही तीच. सगळ्यांनी देव सोडला, मीच काय तो एकटा उरलोय. आठवतोय ना ओबद्या? शंभर माणसं गुहेत जिवंत आहेत हे त्याने एलियाला तोंडावर सांगितलं होतं. पण खचलेल्या माणसाला तेवढंच आठवत नाही. देवाचं उत्तर असं होतं की बआलपुढे न वाकलेले ७,००० लोक अजून आहेत. आणि तीन कामं दिली. दिमिष्काचा राजा म्हणून हजाएलचा अभिषेक, इस्राएलचा राजा म्हणून येहूचा, आणि स्वतःच्या जागी अलीशाचा.

यातलं एकच काम एलियाने स्वतः केलं. अलीशा शेतात बारा जोड्यांची नांगरणी चालवत होता, शेवटच्या जोडीमागे तो स्वतः. एलियाने चालता चालता त्याच्या अंगावर झगा टाकला. अलीशाने बैल कापले, जुवाच्या लाकडावर शिजवून गावजेवण घातलं आणि मागे निघाला. एकटेपणाची तक्रार करणाऱ्याला सोबती मिळाला.

यानंतरचं प्रकरण कमी लोकांना माहीत आहे, पण मला विचाराल तर कर्मेलपेक्षा मोठं आहे. नाबोथचा द्राक्षमळा.

नाबोथ हा साधा शेतकरी. त्याचा मळा इज्रेलमध्ये राजवाड्याला लागून. अहाबला तिथे भाजीची बाग करायची होती. त्याने बदल्यात चांगला मळा किंवा रोख पैसे देऊ केले. नाबोथने नाही म्हटलं. वडिलोपार्जित जमीन विकायची नसते, हा त्यांच्या धर्माचाच नियम होता. राजा घरी येऊन भिंतीकडे तोंड करून झोपला, जेवेना. लहान मुलासारखा रुसला.

मग ईजबेलने कारभार हातात घेतला. तिने नाबोथला थेट मारलं नाही. सगळं कायद्याने केलं. राजाच्या शिक्क्याची पत्रं गावच्या प्रतिष्ठितांना गेली. उपास जाहीर करा, सभा बोलवा, नाबोथला मानाच्या जागी बसवा, समोर दोन खोटे साक्षीदार बसवा. साक्षीदारांनी सांगितलं की याने देवाला आणि राजाला शिव्या दिल्या. नाबोथला गावाबाहेर नेऊन दगडांनी ठेचलं. जमीन मोकळी. दोन साक्षीदार हवेत हा नियमही पाळला गेला होता, हे सगळ्यात भयंकर. आणि गावातल्या एकाही पंचाने पत्र परत पाठवलं नाही.

अहाब मळ्याचा ताबा घ्यायला गेला तर तिथे एलिया उभा. खून करून वर मालकीही घेतलीस का, असा त्याचा सवाल होता. जिथे कुत्र्यांनी नाबोथचं रक्त चाटलं तिथे तुझंही चाटतील, असा शाप त्याने दिला. ना आग, ना पाऊस. एका मेलेल्या शेतकऱ्याच्या बाजूने कुणीतरी राजाला तोंडावर विचारलं, इतकंच. अहाब हादरला, गोणपाट नेसून फिरू लागला, आणि म्हणून शिक्षा थोडी लांबली.

पण टळली नाही. पुढे एका लढाईत अहाब वेष बदलून गेला, तरी कुणीतरी सहज सोडलेला बाण चिलखताच्या सांध्यात घुसला आणि तो रथातच गेला. रथ धुताना कुत्र्यांनी रक्त चाटलं. ईजबेल बरीच वर्षं नंतर. येहूने बंड केलं तेव्हा तिने डोळ्यांत काजळ घातलं, केस नीट केले आणि खिडकीत उभी राहिली. तिच्याच सेवकांनी तिला खाली ढकललं. येहूने अहाबच्या मुलाचं प्रेत नाबोथच्या शेतात टाकायला लावलं. हा येहू पुढे अश्शूरच्या राजापुढे लोटांगण घालताना एका काळ्या दगडी स्तंभावर कोरलेला आहे, तोही ब्रिटिश म्युझियममध्येच.

एलिया मात्र मधल्या काळात मवाळ झाला असं समजू नका. अहाबचा दुसरा मुलगा अहज्या माडीवरून पडून जखमी झाला आणि बरा होईन का हे विचारायला त्याने एक्रोनच्या बाल-जबूब देवाकडे माणसं पाठवली. एलियाने ती वाटेतून परत धाडली. त्याला पकडायला पन्नास शिपाई आणि नायक आला, आगीने जळाला. दुसरे पन्नास आले, तेही जळाले. तिसरा नायक शहाणा, त्याने गुडघे टेकून जीव मागितला. त्याच्यासोबत एलिया मुकाट्याने गेला. हुकुमाची ताबेदारी करणाऱ्या त्या १०२ जणांचा काय दोष, हा प्रश्न बायबल विचारत नाही. वाचणारा विचारतोच.

शेवटचा प्रवास अलीशासोबत. गिलगाल, बेथेल, यरीहो. प्रत्येक ठिकाणी एलिया त्याला थांब म्हणतो, तो थांबत नाही. यार्देन नदीवर एलियाने झगा गुंडाळून पाण्यावर मारला, पाणी दुभंगलं, दोघं कोरड्या पायांनी पार गेले. बोलत चालले असताना आगीचा रथ आणि आगीचे घोडे मध्ये आले. सगळ्या चित्रांमध्ये एलिया त्या रथात बसलेला दिसतो. मजकूर मात्र सांगतो की रथाने दोघांना वेगळं केलं आणि एलिया वावटळीतून वर गेला. मागे राहिला फक्त झगा. पन्नास माणसांनी तीन दिवस डोंगरदऱ्या पालथ्या घातल्या. काही सापडलं नाही.

जो मेलाच नाही तो परत येऊ शकतो. मलाखी संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या शेवटी तसं वचनही आहे. म्हणून आज ज्यू घरांत वल्हांडणाच्या सणाला एलियासाठी द्राक्षारसाचा पेला भरून ठेवतात आणि दार उघडतात. मुलाच्या सुंतेच्या वेळी त्याच्यासाठी एक रिकामी खुर्ची असते. येशू क्रूसावर ओरडला तेव्हा जवळच्या लोकांना वाटलं की तो एलियाला हाक मारतोय. रशियात आणि बाल्कन देशांत तो गडगडाटाचा संत झाला, ढगात गडगडलं की एलियाचा रथ चालला असं म्हणतात. म्हणजे बआलचं खातं शेवटी एलियाकडेच आलं.

आणि कोकणात?

बेने इस्रायली लोकांची परंपरा सांगते की त्यांचे पूर्वज जहाज फुटून नवगावच्या किनाऱ्याला लागले. सात पुरुष, सात स्त्रिया वाचल्या. ग्रंथ बुडाले. पुढे ते तेलाच्या घाण्याचा धंदा करू लागले आणि शनिवारी घाणा बंद ठेवतात म्हणून शनिवार तेली झाले. त्यांच्याच सांगण्यानुसार एलिया कोकणात आला, त्यांना भेटला आणि खंडाळ्याच्या त्या खडकावरून रथाने परत वर गेला. ज्यू लोकांचा झाडांचा सण, तू बिश्वात, साधारण जानेवारी-फेब्रुवारीत येतो. त्याला इथे नाव आहे एलियाहू हनबीचा उरूस. शब्द मुसलमानी, देव ज्यूंचा, भाषा मराठी.

नवस फेडायचा असो, साखरपुडा असो, नवं घर असो, मलिदा केला जातो. भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर किंवा गूळ, वेलची, सुकामेवा, भोवती फळं. एलियाचं नाव घेऊन हिब्रू गाणं म्हणतात आणि मग सगळे वाटून खातात. जगातल्या इतर ज्यूंना हा विधी माहीत नाही.

१९४८ नंतर बहुतेक बेने इस्रायली इस्रायलला गेले. तिथे खुद्द कर्मेल डोंगर आहे, हैफात एलियाची म्हणून दाखवली जाणारी गुहा आहे. तरी घरात शुभकार्य ठरलं की आधी पोहे भिजत घातले जातात.